चित्रपुस्तकांतून लहान मुलांना स्पॅनिश शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी संध्याकाळी नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या हॉलमध्ये सतरंजी पसरते, आसपासची तीन ते सात वर्षांची मुलं जमतात आणि आम्ही स्पॅनिश चित्रपुस्तकं वाचतो. मुलांना न्यायला आलेले आईबाबा दारात चपला शोधता शोधता जे विचारतात, आणि रात्री व्हॉट्सअॅपवर जे येतं, ते सगळं इथे एकत्र केलं आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एकाचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. स्पॅनिश शब्द देवनागरीतच लिहिले आहेत.

१. कितव्या वर्षापासून सुरुवात करावी? आमचा दीड वर्षाचा आहे, फार लवकर होईल का?

मांडीवर बसून जाड पुठ्ठ्याची पानं उलटायला लागला की सुरुवात झालीच. दीड वर्षाच्या मुलाबरोबर करायचं एवढंच : चित्रावर बोट ठेवायचं, नाव सांगायचं, पान उलटायचं. दोन मिनिटांत तो उठून पळाला तर पळू द्या.

माझ्या अनुभवात तीन ते पाच हे वय सर्वांत रसाळ. नवा आवाज तोंडात घोळवायला या वयाची मुलं लाजत नाहीत. सहा-सात वर्षांचं मूल म्हणजे उशीर झाला असंही नाही. ते 'असं का म्हणतात?' विचारतं आणि त्याला उत्तर दिलं तर शब्द जास्त घट्ट बसतो.

चित्र आणि परभाषेतला शब्द शेजारी ठेवण्याची रीत आजची नाही. कोमेनियस या शिक्षकाने १६५८ साली न्यूरेंबर्गला मुलांसाठी चित्रांचं पुस्तक छापलं, त्यात एकेका चित्राशेजारी लॅटिन आणि जर्मन मजकूर होता. आपण करतो ते फारसं वेगळं नाही.

२. 'आधी मराठी तरी नीट येऊ दे,' असं आजी म्हणते. दोन-तीन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं का?

नाही. अनेक भाषा कानावर पडल्यामुळे बोलणं लांबत नाही. नाशिकची किती मुलं घरात मराठी, आजोळी अहिराणी, शेजारी हिंदी आणि शाळेत इंग्रजी ऐकत मोठी होतात, बघा ना. दोन वर्षांचं झालं तरी मूल दोन शब्द जोडत नसेल, तर भाषा कमी करून वाट बघत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या.

पण आजीचं निम्मं म्हणणं मला मनापासून पटतं. ज्या मुलाला मराठीत 'खारूताई शेपटी हलवत झाडावर चढली' हे वाक्य दिसतं, त्यालाच स्पॅनिश पुस्तकातली खार पुढे काय करते आहे हे कळतं. म्हणून आमच्याकडे एका स्पॅनिश पुस्तकामागे दोन मराठी गोष्टी होतात आणि त्या गोष्टी बहुतेक वेळा कुणाची तरी आजीच सांगते.

३. मला स्वतःला स्पॅनिश येत नाही. माझ्याकडून चुकीचा उच्चार शिकवला गेला तर?

येत नसेल तरी चालेल, ऐकायची तयारी मात्र हवी. पुस्तक मुलासमोर उघडण्याआधी त्यातले आठ-दहा शब्द एखाद्या ऑनलाइन शब्दकोशात टाका, स्पीकरच्या खुणेवर दाबून तीन-तीनदा ऐका आणि मोठ्याने म्हणा. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि एक कळकळीने सांगते : इंग्रजीच्या वाटेने जाऊ नका. मराठी तोंडाला स्पॅनिश थेट जमतं. स्वर पाचच आहेत : आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत नाही. 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे. टोमॅटोला 'तोमाते' म्हणायला इंग्रजी वळणाच्या जिभेला कष्ट पडतात, आपल्या मुलांना पडत नाहीत. 'प' आणि 'क' सुद्धा आपलेच, हवा न सोडता.

लक्ष द्यायच्या जागा थोड्या आहेत. एच लिहितात पण उच्चारत नाहीत, म्हणून नमस्काराचा शब्द 'ओला'. 'जे' हे अक्षर म्हणजे घशातून येणारा ह, थोडा ख कडे झुकलेला : जिराफ 'हिराफा', डोळा 'ओहो'. डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन म्हणजे आपला ञ : लहान मुलगा 'निञो'. तो ञ कसा म्हणायचा हे ज्ञानेश्वरीच्या पिढीला सांगावं लागलं नसतं. आज मात्र 'न्यो' असं सांगितलं की पटकन कळतं. दोन एल जोडून आले की बहुतेक ठिकाणी य. व्ही चा उच्चार ब : गाय 'बाका'. दोन स्वरांच्या मध्ये आला तर ओठ पुरते मिटत नाहीत. द्राक्षाच्या 'ऊबा'मध्ये हे ऐकू येतं.

खरा घोटाळा 'र'चा. कुत्रा म्हणजे 'पेर्रो', जीभ थरथरवून. एकच र म्हटला तर 'पेरो', म्हणजे 'पण'. मी स्वतः सुरुवातीचे काही महिने कुत्र्याच्या चित्रावर बोट ठेवून 'पण, पण' म्हणत होते. नंतर दुरुस्त केलं आणि मुलांनीही केलं. एखाद्या चुकीने नुकसान होत नाही, ती कळल्यावर मुलांसमोर 'अरे, मी चुकत होते, असं म्हणायचं' एवढं म्हटलं की झालं.

४. पहिलं पुस्तक कसं निवडावं?

एका पानावर एक गोष्ट ठळक दिसणारं आणि एक वाक्य पुन्हा पुन्हा येणारं. 'मांजर कुठे आहे? इथे नाही. मांजर कुठे आहे? इथेही नाही,' अशा धाटणीचं. सात-आठ पानांत तेच वाक्य सात-आठ वेळा कानावर पडतं आणि मूल तिसऱ्या पानापासून सूर धरतं.

एका पानावर चाळीस छोटी चित्रं आणि खाली चाळीस नावं अशी जाड पुस्तकं मी सुरुवातीला घेऊ देत नाही. त्यात गोष्ट नसते, आणि गोष्ट नसली की पुढचं पान उलटायची घाईही नसते.

५. नाशिकमध्ये अशी पुस्तकं कुठे मिळतात?

मेनरोड किंवा कॉलेजरोडच्या दुकानात जाऊन तयार स्पॅनिश चित्रपुस्तक उचलता येईल या भरवशावर राहू नका. ऑनलाइन मागवता येतात, पण परदेशी छपाई महाग पडते. मी तीन वाटा वापरते.

पहिली, स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ फुकट आहे, मुक्त परवान्यामुळे गोष्टी उतरवून छापता येतात, आणि पुष्कळदा एकच गोष्ट मराठीतही असते, स्पॅनिशमध्येही. चित्रं भारतीय असतात, त्यामुळे रिक्षा रिक्षासारखी दिसते. पहिल्या पातळीची गोष्ट निवडा, झेरॉक्सच्या दुकानात रंगीत छापून घ्या, मध्ये दोन टाके घाला. आमच्या सतरंजीवरची निम्मी पुस्तकं अशी दोऱ्याने शिवलेली आहेत. भाषांतर मात्र तपासून घ्या (प्रश्न १४).

दुसरी वाट म्हणजे शब्द नसलेली चित्रपुस्तकं. त्यांना भाषा नसतेच, तुम्ही बोलाल ती त्यांची भाषा.

तिसरी, घरातली किंवा वाचनालयातली मराठी चित्रपुस्तकं. चित्राजवळ स्पॅनिश शब्दाची चिठ्ठी ठेवायची. आपल्या गावात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे, घरात पुस्तकांवर खर्च करायला पैसे हवेतच असं नाही. वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नका, चिठ्ठी वेगळी ठेवा.

६. एका दिवसात किती शब्द शिकवावेत?

नवे तीन. पुस्तकात वीस असले तरी तीनच पकडा, बाकीचे नुसते कानावरून जाऊ द्या. वेळ दहा मिनिटं, शक्यतो रोज एकाच वेळेला. झोपण्याआधीची वेळ आमच्याकडे बहुतेक घरांत टिकली आहे. रविवारी एक तास बसून आठवड्याची भरपाई करण्याचा प्रयोग अनेकांनी केला, कुणाचाच टिकला नाही.

७. चित्र दाखवताना आधी मराठी शब्द सांगायचा, मग स्पॅनिश? की थेट स्पॅनिश?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि यावरच सगळं अवलंबून आहे असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

बहुतेक घरांत असं होतं. आई मांजरावर बोट ठेवते आणि म्हणते, 'गातो म्हणजे मांजर, मांजर म्हणजे कॅट. काय म्हणायचं? गातो.' मूल 'गातो' म्हणतं आणि खिडकीबाहेर बघतं. तीन शब्दांची साखळी त्याच्या हातात आली, मांजर मात्र निसटलं. पुढच्या आठवड्यात चित्र दाखवलं की ते मनात आधी कॅट म्हणतं, मग मराठी, मग थांबतं.

त्याऐवजी बोट चित्रावर ठेवा आणि थांबा. मुलाचे डोळे बोटापर्यंत येऊ द्या. 'मीरा!' म्हणा. हा स्पॅनिश शब्द आहे, अर्थ 'बघ', आणि वर्गात मीरा नावाची मुलगी असली तर ती दर वेळी मान वर करते. मग म्हणा, 'एल गातो.' पुन्हा थांबा. घाई करू नका. मूल मांजराचे कान बघत असतं, शेपटी बघत असतं, आणि त्या बघण्याला तो आवाज चिकटतो.

याचा अर्थ मराठी बंद करायची असा मुळीच घेऊ नका. गप्पा मराठीतच होऊ द्या, फक्त त्या वस्तूचं नाव स्पॅनिश ठेवा. 'अगंबाई, गातो पलंगाखाली शिरला! आता त्याला बाहेर कसं काढायचं?' मूलही तसंच उत्तर देतं, 'गातोला दूध दे.' स्पॅनिश शब्दाला असा लावलेला आपला 'ला' प्रत्यय ऐकला की मला फार आनंद होतो, कारण शब्द त्याच्या बोलण्यात राहायला आला.

दोन-तीन प्रश्न मात्र स्पॅनिशमध्येच पाठ करून ठेवा. 'के एस एस्तो?' म्हणजे हे काय आहे. 'दोन्दे एस्ता?' म्हणजे कुठे आहे. उत्तर 'आकी', इथे. मोठ्या माणसाने विचारायचं आणि मुलाने सांगायचं ही वाचनाची तऱ्हा अमेरिकेत व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये तपासून मांडली, आणि त्यात मुलांचं बोलणं वाढलेलं दिसलं.

चित्रात न दिसणारे शब्द, उदाहरणार्थ भीती किंवा उद्या, सरळ मराठीत सांगून मोकळे व्हा. चेहरे करून 'उद्या' कळत नाही.

सुरुवात आणि शेवट यांचे शब्द ठरलेले असू द्या. आपल्याकडे 'आटपाट नगर होतं', तसं तिकडे 'एरासे ऊना बेस'. आपल्या कहाणीचा शेवट 'साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण', तसा तिकडचा पारंपरिक शेवट 'कोलोरीन कोलोरादो, एस्ते क्वेंतो से आ आकाबादो'. अर्थ एवढाच की गोष्ट संपली, पण यमकामुळे मुलं हे सगळ्यात आधी पाठ करतात आणि जेवण संपल्यावरही म्हणतात.

८. रोज तेच पुस्तक मागते. कंटाळा येतो. बदलू का?

बदलू नका. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द असलेल्या गोष्टी वाचून दाखवल्या. नवे शब्द सगळ्यांच्या कानावर सारख्याच वेळा पडले, पण काहींना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवली, काहींना वेगवेगळ्या. तीच गोष्ट ऐकणाऱ्या मुलांना जास्त शब्द आले. गोष्ट पाठ झाली की मुलाचं लक्ष 'पुढे काय'मधून सुटतं आणि शब्दाकडे जातं.

तिला 'ओत्रा बेस', म्हणजे पुन्हा एकदा, हे शिकवा. मग मागेल ते तरी स्पॅनिशमध्ये मागेल.

९. दोघेही नोकरीला जातो, सातपूर-अंबडहून यायला आठ वाजतात. व्हिडिओ लावून दिला तर चालेल ना?

तुमची दमणूक मला कळते. तरी सांगते, व्हिडिओ मांडीची जागा घेत नाही. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काही बाळांशी चिनी भाषा बोलणारी व्यक्ती समोर बसून खेळली, काहींना तेच सगळं पडद्यावर दाखवलं. बारा बैठकांनंतर चिनी आवाजांमधला फरक ओळखता आला तो समोर माणूस असलेल्या बाळांना. पडद्यावाल्यांना नाही.

तीन-चार वर्षांचं मूल पडद्यावरून काही शब्द उचलतं, हे खरं. पण तुमच्याकडे रोजची दहाच मिनिटं असतील तर ती पुस्तकाला द्या. व्हिडिओचा उपयोग तुमच्या स्वतःच्या उच्चारासाठी करा, बसमध्ये कानात लावून.

१०. ऐकतो सगळं, पण तोंडातून एक शब्द काढत नाही. काही चुकतंय का?

चुकत नाही. नवी भाषा ऐकणारी पुष्कळ मुलं आधी काही आठवडे किंवा महिने नुसती साठवतात. कळतंय की नाही हे बोटावरून तपासा : 'दोन्दे एस्ता ला लुना?' विचारल्यावर बोट चंद्रावर गेलं तर शब्द आत पोचला आहे.

आमच्याकडे एक मुलगा तीन महिने कोपऱ्यात बसून ऐकत होता. एक दिवस त्याची आई सांगत आली, की गोदाघाटावर पायरीवर झोपलेल्या कुत्र्याला बघून तो मोठ्याने 'पेर्रो' म्हणाला, र चांगला थरथरवून. पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव बरं' हे तेवढं करू नका. त्याने बोलणारी मुलंही गप्प होतात.

११. शब्दाआधी 'एल' आणि 'ला' असतं ते शिकवायचं का? व्याकरण नको वाटतं.

व्याकरण म्हणून शिकवू नका, नावाचाच भाग म्हणून उच्चारा. 'गातो' नको, 'एल गातो' म्हणा. 'कासा' नको, 'ला कासा'. पुढे सुटं करणं सोपं जातं, नंतर चिकटवणं अवघड.

इथेही मराठी मूल दोन पावलं पुढे आहे. टेबलाला आणि खुर्चीला लिंग असतं, ही गोष्ट त्याला जन्मापासून माहीत आहे. आपल्याकडे तो, ती, ते अशी तीन, तिकडे दोनच. पांढरा, पांढरी बदलतात तसं तिकडे 'ब्लांको', 'ब्लांका'. आणि लाल जसं कुणासाठीही बदलत नाही, तसं तिकडे हिरव्याचं 'बेर्दे' दोन्ही लिंगांना एकच. हे मी पालकांना सांगते, मुलांना सांगावं लागत नाही.

अडचण येते ती लिंग जुळत नाही तिथे. सूर्य 'एल सोल', तो, ठीक. पण चंद्र 'ला लुना', ती. चार वर्षांच्या एका मुलीने पानावरच्या चंद्राकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, 'मग तिकडे चांदोमावशी म्हणतात?' मी हो म्हणाले. त्यापेक्षा चांगलं उत्तर मला आजही सुचलेलं नाही.

प्राण्यांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा : 'ला हिराफा' नर असला तरी 'ला'च. आपल्याकडे खार नर असली तरी 'ती खार', तसंच. फसवणाऱ्या 'एल'बद्दल प्रश्न १८ बघा.

१२. एका पुस्तकात बटाटा 'पाताता' आहे, दुसऱ्यात 'पापा'. खरं कोणतं?

दोन्ही. पाताता स्पेनमध्ये, पापा लॅटिन अमेरिकेत. वीस देशांची राजभाषा म्हटल्यावर असं होणारच, आपल्याकडे एकाच जिल्ह्यात शब्द बदलतात. 'पापा' हा मुळात अँडीज पर्वतातल्या केचुआ भाषेतला शब्द. तो 'बाताता' या रताळ्याच्या शब्दात मिसळून स्पेनमध्ये पाताता झाला. आपला बटाटाही पोर्तुगीजांमार्फत आलेला त्याच गोतातला.

उच्चारही बदलतो. कांदा लॅटिन अमेरिकेत 'सेबोया', स्पेनच्या बहुतेक भागात पहिलं अक्षर जीभ दातांत धरून, थ सारखं. मी लॅटिन अमेरिकेचा 'स' घेते, कारण बोलणारे तिकडे फार जास्त आहेत आणि मुलांना सोपा जातो. तुम्ही कोणताही घ्या, पण घरात एकच ठेवा. मूल मोठं झालं की दुसरा सहज कळतो.

१३. मराठी शब्दांशी गोंधळ होतो. 'पान' म्हणजे ब्रेड हे तिला पटतच नाही!

तिचं बरोबर आहे, पान झाडाला असतं. असे जुळे शब्द बरेच आहेत. 'सोपा' म्हणजे सूप. 'कामा' म्हणजे पलंग. 'रामा' म्हणजे फांदी, आणि पंचवटीतल्या मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. 'पेरा' म्हणजे नासपती. पेरू मात्र 'ग्वायाबा'. एक आधीच सांगून ठेवते : 'काका' हा तिकडे लहान मुलांचा शीचा शब्द आहे. पुस्तकात आला तर मुलं दिवसभर काकांना बघून हसतात. मी एकदा हसू देते, मग पुढचं पान उलटते.

'पापा'मध्ये जोर महत्त्वाचा. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर बटाटा, दुसऱ्यावर दिला तर बाबा.

गोंधळ घालवायला शब्द एकटा ठेवू नका. 'पान'बरोबर चावण्याची क्रिया करा, 'कामा'बरोबर डोकं टेकवा. जुळणारे शब्द आहेत ते मात्र जरूर दाखवा. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि १७३९ पर्यंत वसईला पोर्तुगीज होते. त्यांच्याकडून आपल्याकडे चावी आली, पाव आला, पगार आला. स्पॅनिशमध्ये चावी 'याबे', पैसे देणं 'पागार'.

त्याहून जुनं नातं शरीराच्या पानावर सापडतं. नाक 'नारीस', दात 'दिएन्ते', पाऊल 'प्ये'. नासिका, दंत, पाय. एकाच भाषाकुळातली ही भावंडं आहेत. शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक, ही गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. म्हणून आम्ही शरीराचं पान नाकापासूनच सुरू करतो.

१४. पुस्तकात छापलेला शब्दच चुकीचा असू शकतो का?

हो, आणि स्वस्त पुस्तकांत बऱ्याचदा. मी ऑनलाइन मागवलेल्या एका चित्रशब्दकोशात क्रिकेटच्या बॅटखाली 'मुर्सिएलागो' छापलं होतं. मुर्सिएलागो म्हणजे वटवाघूळ. इंग्रजी शब्द यंत्रात टाकून आलेलं जसंच्या तसं छापलेलं. चित्राकडे कुणी बघितलंच नव्हतं. मला ते सापडेपर्यंत मुलांनी तो शब्द खेळात घेतला होता, आणि तो सोडवायला महिना गेला. फार वाईट वाटलं. (शब्द मात्र सुंदर आहे. त्यात स्पॅनिशचे पाचही स्वर एकेकदा येतात, उच्चाराच्या सरावाला मी तो आजही घेते, वटवाघळाच्या चित्रासह.)

म्हणून पुस्तक घेतलं की पाच शब्द एखाद्या स्पॅनिश-स्पॅनिश शब्दकोशात किंवा चित्रांच्या शोधात टाकून बघा. पाचात एक चुकला तरी ते पुस्तक मुलाच्या हातात देऊ नका.

१५. पुस्तकांत बर्फाची माणसं आणि धुराडी असलेली घरं. आमच्या रोजच्या वस्तूंचे शब्द कुठून आणायचे?

स्वतःचं पुस्तक करा. मोबाइलवर फोटो काढा, छापा, शिवा. नाशिकच्या मुलाचं पहिलं पान द्राक्षाचं असायला हवं : 'ला ऊबा'. मग कांदा, 'ला सेबोया', पार्श्वभूमीला लासलगावच्या ट्रॅक्टरांची रांग. पिंपळगावच्या क्रेटमधला 'एल तोमाते', हा शब्द मुळात मेक्सिकोतल्या नाहुआतल भाषेचा. डाळिंब 'ला ग्रानादा'. थंडीत नांदूर मध्यमेश्वरला जाणार असाल तर पक्ष्यांचं पुस्तक बरोबर घ्या. २०२० मध्ये रामसर या जागतिक पाणथळ यादीत आलेलं महाराष्ट्रातलं ते पहिलं पाणथळ. बदक 'एल पातो', बगळा 'ला गार्सा', आणि रोहित 'एल फ्लामेन्को'. दुर्बिणीतून बघून पानावर बोट ठेवलेला शब्द मुलं वर्षभर विसरत नाहीत.

वडापावाला वडापावच म्हणा. त्याला स्पॅनिश नाव शोधू नका.

१६. मोठी सहा वर्षांची, धाकटा अडीचचा. दोघांना एकत्र कसं वाचून दाखवू?

मोठीला पान उलटण्याचा आणि 'दोन्दे एस्ता?' विचारण्याचा मान द्या, धाकट्याने बोट ठेवायचं. मोठीने धाकट्याआधी उत्तर द्यायचं नाही, एवढा एकच नियम.

१७. शाळेत किंवा परीक्षेला याचा काही उपयोग होईल का?

स्पॅनिशची देले ही परीक्षा सेर्वांतेस संस्था घेते. दिल्लीत तिचं केंद्र २००९ पासून आहे. शाळकरी मुलांसाठी वेगळी देले आहे, पण तीही साधारण ११ ते १७ वयासाठी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक टप्प्यावर घ्यायच्या परदेशी भाषांत स्पॅनिशचं नाव आहे. म्हणजे तुमच्या चार वर्षांच्या मुलाला अजून बरीच वर्षं कुणी काही विचारणार नाही. तोवर त्याला गोष्ट ऐकू द्या. प्रमाणपत्र देणारा वर्ग या वयाला शोधू नका, अशी माझी विनंती आहे.

१८. पाणी स्त्रीलिंगी आहे म्हणतात, मग 'एल आग्वा' का?

कारण 'ला आग्वा' म्हणताना दोन आ एकमेकांवर आदळतात. जोर असलेल्या 'आ'ने सुरू होणाऱ्या स्त्रीलिंगी शब्दाआधी एकवचनात 'एल' येतं, विशेषण मात्र स्त्रीलिंगीच राहतं : थंड पाणी 'एल आग्वा फ्रीआ'. अनेकवचनात 'लास आग्वास'. चित्रपुस्तकांत असे आणखी दोन नेहमी भेटतात, गरुड 'एल आगिला' आणि परी 'एल आदा'. परी स्त्रीच आहे, घाबरू नका.

हात 'ला मानो' आणि दिवस 'एल दीआ' यांचे शेवट फसवे आहेत. तिथे नियम शोधू नका, जसे आहेत तसे ऐकवा.

१९. ती आता वाचायला लागली आणि स्पॅनिश शब्द इंग्रजीसारखे वाचते. आधी नीट म्हणायची!

पहिली-दुसरीत हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं. अक्षरं ओळखीची दिसली की ती शाळेतल्या इंग्रजीचा आवाज लावते, आणि 'ओला' पुन्हा 'होला' होतं.

दोन आठवडे छापील मजकूर झाका. तिला आधीपासून पाठ असलेलं पुस्तक घ्या, शब्दांवर कागदाची पट्टी लावा, चित्रावरून म्हणू द्या. म्हणून झालं की पट्टी सरकवा : 'तू आत्ता म्हणालीस ना, ते असं लिहितात.' आवाज आधी, अक्षर मागून. उच्चारासाठी तुम्ही देवनागरी चिठ्ठ्या लावल्या असतील तर त्या तुमच्यासाठी पानामागे ठेवा, तिच्यासमोर नकोत, नाहीतर ती चित्र सोडून चिठ्ठीच वाचते.

मग दर आठवड्याला एकच अक्षर घ्या. पहिल्या आठवड्यात मुका एच : 'हे अक्षर झोपलंय, त्याला उठवायचं नाही.' पुस्तकात जिथे जिथे ते दिसेल तिथे तिने पेन्सिलने त्यावर छोटं पांघरूण काढायचं. दुसऱ्या आठवड्यात जे, मग जोडीचा एल. आमच्याकडच्या एका पुस्तकात आता प्रत्येक एचवर पांघरूण आहे, काहींना उशीही दिलेली आहे.